चुलीवरचा गॅस आणि किनाऱ्यावरची मासळी

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडच्या आठवडे बाजारात सुक्या मासळीच्या पाट्या दिसायला लागतात. बोंबील, सुकट, मांदेली. आपण भाव करतो, पावशेर-अर्धा किलो घेतो आणि आषाढात भाजी महागली की उपयोगी पडेल म्हणून डब्यात भरून ठेवतो. मग एके दिवशी ते बोंबील काढतो आणि गॅसवर भाजतो.

आता जरा विचार करा. तो बोंबील आला अरबी समुद्रातून. आणि गॅस? त्यातलाही काही भाग त्याच समुद्राच्या तळाखालून येतो. एकाच समुद्रातून दोन वस्तू आपल्या घरात येतात. एक वस्तू कोळीवाड्यातली बाई वाळवते, दुसरी मोठ्या कंपन्या काढतात. या दोघींना समुद्रावर आणि किनाऱ्यावर जागा लागते, आणि कधी कधी तीच जागा लागते. तेव्हा कोण मागे सरकतं?

आपण नाशिकच्या. समुद्र आपल्यापासून लांब. पण गॅसची पाइपलाइन आता आपल्या जिल्ह्यातूनही गेली आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या बहिणींना जे शिकावं लागलं ते आपल्यालाही माहीत असलेलं बरं. बैठकीत एकीने हा लेख मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये थांबवून प्रश्न विचारावेत, अशी विनंती.

आधी समजून घेऊ: गॅस येतो कुठून?

१९७४ साली मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत, भर समुद्रात तेल सापडलं. त्या क्षेत्राला 'बॉम्बे हाय' म्हणतात. १९७६ मध्ये तिथून तेल काढायला सुरुवात झाली. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही निघतो. हा वायू समुद्राच्या तळावर टाकलेल्या पाइपने रायगड जिल्ह्यातल्या उरणला येतो. तिथे ओएनजीसी या सरकारी कंपनीचा मोठा प्रकल्प आहे. तिथे वायू स्वच्छ होतो आणि त्याचे वेगवेगळे भाग होतात.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, तो आधी सोडवू. आपला लाल सिलिंडर म्हणजे एलपीजी. दाब दिला की त्याचा द्रव होतो, म्हणून तो टाकीत भरता येतो. शहरात पाइपने घरात येतो किंवा रिक्षात सीएनजी म्हणून भरतात तो नैसर्गिक वायू. वस्तू दोन वेगळ्या, पण नातं आहे. उरणला आलेल्या वायूतून एलपीजीही वेगळा काढतात. तेलशुद्धीकरण कारखान्यांतूनही एलपीजी मिळतो आणि बराच परदेशातूनही येतो.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून गटातल्या पुष्कळ जणींना आश्चर्य वाटतं. आपण कांद्याला, मक्याला युरिया टाकतो ना, तोही नैसर्गिक वायूपासून बनतो. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा खत कारखाना आहे, तो वायूवर चालतो. म्हणजे गॅस फक्त आपल्या चुलीत नाही, आपल्या वावरातही आहे.

आपल्या देशातला वायू पुरत नाही. म्हणून तो परदेशातून जहाजाने आणावा लागतो. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि तो मूळ जागेच्या सहाशेव्या हिश्शात मावतो. अशी जहाजं किनाऱ्याला लागतात, द्रव उतरवतात, तो पुन्हा गरम करून वायू करतात आणि पाइपने दूर पाठवतात. या ठिकाणाला टर्मिनल म्हणतात. महाराष्ट्रात असं टर्मिनल रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात आहे. त्याची गोष्ट पुढे येईल.

समुद्रात आणि किनाऱ्यावर काय काय बदलतं?

एकेक पायरी बघू.

पहिली पायरी शोधाची. तळाखाली वायू आहे का हे बघायला जहाजं फिरतात. पाण्यात मोठे आवाज करून ते तळाखाली पाठवतात आणि परत येणारा आवाज लांब केबलने टिपतात. या केबल काही किलोमीटर लांब असतात. जहाजाच्या वाटेत जाळं आलं तर फाटतं, म्हणून मच्छीमारांना बाजूला व्हायला सांगतात. आधीच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मिळालेल्या हंगामात पुन्हा असे दिवस गेले, तर बोट किनाऱ्यावर, पण बोटीच्या कर्जाचा हप्ता चालूच. मुंबई-पालघरच्या मच्छीमार संघटनांनी अशा सर्वेक्षणांच्या वेळी म्हणूनच भरपाई मागितली आहे.

दुसरी पायरी विहिरी आणि पाइपलाइन. समुद्रात उभ्या केलेल्या प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं. तिथे मासेमारीच्या बोटीला जाता येत नाही. तळावर पाइप असेल तिथे नांगर टाकता येत नाही. हे नियम कारणाशिवाय नाहीत. २७ जुलै २००५ रोजी बॉम्बे हायच्या एका फलाटावर जहाज आदळलं, आग लागली आणि २२ माणसं गेली. सुरक्षा पाहिजेच. प्रश्न एवढाच की, त्या पाण्यात जो पिढ्यान् पिढ्या जाळं टाकत होता, त्याला बदल्यात काय मिळालं?

तिसरी पायरी किनाऱ्यावरची. जेटी बांधतात. मोठी जहाजं यावीत म्हणून खाडीचा गाळ उपसतात, त्याने पाणी गढूळ होतं. भराव टाकतात, तेव्हा भरती-ओहोटीची जुनी वाट बदलते. जहाज येताना-जाताना होड्यांना थांबावं लागतं. प्रकल्पातून बाहेर सोडलेलं पाणी कधी समुद्रापेक्षा गरम असतं, कधी थंड. मासा पाण्याच्या तापमानाला फार हळवा असतो. पाणी बदललं की तो जागा बदलतो.

मोठी ट्रॉलर बोट दुसरीकडे जाऊ शकते. तिच्याकडे इंजिन आहे, बर्फ आहे, डिझेलला पैसे आहेत. पण खाडीत छोट्या होडीने मासे धरणारा लांब जाऊ शकत नाही. डोलजाळं तर एका ठरलेल्या जागी खुंटांना बांधलेलं असतं, ते उचलून कुठे नेणार? म्हणजे समुद्र सगळ्यांचा असला तरी नुकसान सगळ्यांचं सारखं नसतं. ज्याच्याकडे कमी आहे त्याचं आधी आणि जास्त होतं.

आणि बायकांचं काम?

मासेमारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर होडी आणि पुरुष येतो. पण होडी किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं काम बायकांचं. मासळी निवडायची, पाट्या भरायच्या, बाजारात नेऊन विकायची. जी उरली ती मीठ लावून किंवा तशीच वाळवायची. बोंबील दोरीवर टांगायचे, जवळा अंगणात पसरायचा, पाऊस आला की धावत गोळा करायचा. घरखर्चाचा पैसा तिच्याच हातातून फिरतो.

त्याशिवाय ओहोटीला खाडीत उतरून कालवं फोडणं, शिंपल्या वेचणं, खेकडे धरणं. याला बोट लागत नाही, भांडवल लागत नाही. एक कोयता, एक टोपली आणि गुडघाभर चिखल. विधवा बाई, एकटी बाई, जिच्या घरात होडी नाही अशी बाई, तिचा संसार याच्यावर चालतो.

आता हे काम कोणत्या कागदावर आहे, ते शोधा. जमिनीला सातबारा आहे. होडीला नोंदणी आहे. मच्छीमार सोसायटीत सभासदाचं नाव आहे, बहुतेक ठिकाणी ते पुरुषाचं. पण ओहोटीच्या चिखलाला सातबारा नाही. ज्या मोकळ्या वाळूवर मासळी वाळते ती जागा पुष्कळदा सरकारी असते. शिंपल्या वेचणारीची कुठेच नोंद नाही.

मग प्रकल्प येतो आणि भरपाईची यादी बनते. यादी कागद बघून बनते. ज्याचा कागद, त्याचं नाव. जमीनमालकाला जमिनीचे पैसे, होडीमालकाला होडीचे. बाईचं काम तर बंद पडलं, पण यादी म्हणते की ती काही करतच नव्हती.

मैत्रिणींनो, या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवा. ज्या कामाची नोंद नाही, त्या कामाची भरपाई नाही.

वेलदूर आणि अंजनवेलची गोष्ट

'एन्रॉन' हे नाव आपल्या आई-वडिलांच्या पिढीला चांगलं आठवतं. या अमेरिकन कंपनीने १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी बोलणी सुरू केली आणि १९९३ च्या डिसेंबरमध्ये वीज विकण्याचा करार झाला. प्रकल्पाला नाव मिळालं दाभोळचं. दाभोळ खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प मात्र उभा राहिला दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. शेजारी वेलदूर, मच्छीमारांचं गाव. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे सगळं.

लोकांची भीती साधी होती. आमची जमीन जाईल. प्रकल्पातलं पाणी खाडीत सोडलं तर मासे राहतील का? पिण्याच्या पाण्याचं काय? या प्रश्नांसाठी लोक रस्त्यावर आले आणि बायका पुढे होत्या. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस वेलदूरच्या घरांत शिरले. बायकांना मारहाण झाली, धरून नेलं. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या जागतिक मानवी हक्क संस्थांनी याची दखल घेऊन अहवाल काढले. गुहागर तालुक्यातल्या एका छोट्या गावातल्या बायकांचा प्रश्न जगापुढे गेला.

पुढे काय झालं ते बघा. मे १९९९ मध्ये प्रकल्पाचा पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा सुरू झाला. वीज महाग पडत होती. वीज मंडळाला परवडेना. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन कंपनीचं दिवाळं निघालं. म्हणजे बांधायला काही वर्षं, आणि चालला जेमतेम दोन वर्षं.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी मिळून 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही नवी कंपनी काढली आणि २००६ मध्ये प्रकल्प परत सुरू केला. तिथलं द्रव वायूचं टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी दाभोळहून थेट बेंगळुरूपर्यंत वायू नेणारी पाइपलाइनही सुरू झाली. टर्मिनलच्या समोर लाटा अडवणारा बांध पूर्ण नव्हता, म्हणून पुढे कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागू शकत नव्हतं.

यातून आपल्याला काय दिसतं?

एक म्हणजे, नोकऱ्यांचं गणित. बांधकाम चालू असतं तेव्हा हजारो हात लागतात. खोदकाम, सुतारकाम, गाड्या, खानावळी, सगळ्यांना काम. बांधून झालं की चालवायला थोडी माणसं लागतात आणि ती शिकलेली, बाहेरून आलेली असतात. त्या तेजीच्या भरवशावर कुणी कर्ज काढून गाडी घेतली, भाड्याच्या खोल्या बांधल्या, तर प्रकल्प बंद पडल्यावर त्याचे हप्ते बंद पडत नाहीत. आपण गटात कर्ज देताना नेहमी विचारतो ना, "हा धंदा वर्षभर चालेल का?" तोच प्रश्न इथेही विचारायचा.

दुसरं म्हणजे, कंपनी बदलते, सरकार बदलतं, करार बदलतो. गेलेली जमीन मात्र परत येत नाही.

तिसरं म्हणजे, वायू जातो बेंगळुरूला, आपल्या राज्याच्याही बाहेर. फायदा पाइपमधून पुढे पुढे जातो. तोटा पाइपच्या तोंडाशी राहतो.

उरणच्या कोळीवाड्यांचा निकाल

आता एक गोष्ट हिमतीची. उरण-पनवेल भागात एकीकडे जेएनपीटी बंदर, दुसरीकडे सिडकोचा भराव, तिसरीकडे ओएनजीसीचा प्रकल्प. बंदर वाढत गेलं तशा मासेमारीच्या जागा आणि खाडीतल्या होड्यांच्या वाटा कमी होत गेल्या. उरण, हनुमान, बेलपाडा आणि गव्हाण या कोळीवाड्यांतले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. हे पर्यावरणाच्या प्रश्नांसाठीचं खास न्यायालय. मुख्य तक्रार बंदराच्या वाढीची होती, पण ओएनजीसीही त्यात होती.

फेब्रुवारी २०१५ मध्ये निकाल लागला. १,६३० मच्छीमार कुटुंबांना मिळून सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये द्या, असा आदेश झाला. म्हणजे कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी या तिघांनी मिळून ती रक्कम द्यायची होती.

हा निकाल मोठा आहे. कारण जमिनीचा सातबारा नसलेल्या माणसांचाही समुद्रावर रोजीरोटीचा हक्क असतो, हे त्यात मान्य झालं. पण लगेच पेढे वाटू नका. निकालानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टाचा कागद आणि हातातले पैसे यांच्यात वर्षं जातात.

आणि आपल्या गटाच्या नजरेने आणखी एक प्रश्न विचारायला हवा. रक्कम कुटुंबामागे ठरली. कुटुंब म्हणजे कोण? बँकेचं खातं कुणाच्या नावावर? मासळी विकणारी आई, वेगळी राहणारी विधवा सून, त्यांचा हिस्सा कोण धरणार? हे प्रश्न कोर्टात नाही, घरात आणि गावात सुटतात. म्हणून ते आधीच बोलून ठेवावे लागतात.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. आफ्रिकेत मोझांबिक नावाचा देश आहे. त्याच्या उत्तरेला काबो देल्गादो प्रांताच्या समुद्रात २०१० पासून वायूचे प्रचंड साठे सापडले. किनाऱ्यावर टर्मिनल बांधायचं ठरलं, तेव्हा तिथली गावं उठवून आतल्या बाजूला नव्या वसाहतीत नेली. घरं पक्की मिळाली. पण समुद्र लांब गेला. तिथल्या बायकाही आपल्या कोकणातल्या बायकांसारख्या ओहोटीला शिंपल्या आणि खेकडे वेचायच्या. आता रोज इतक्या लांब चालत जाऊन ओहोटीची वेळ कशी गाठणार? पुढे मार्च २०२१ मध्ये जवळच्या पाल्मा शहरावर सशस्त्र हल्ला झाला आणि कंपनीने काम थांबवलं. लोक मात्र उठले ते उठलेच.

भाषा वेगळी, देश वेगळा. गोष्ट तीच.

मग गॅस नकोच का?

असं मी म्हणत नाही. धुराच्या चुलीपुढे ज्यांनी आयुष्य काढलं, ज्यांनी डोक्यावर मोळ्या वाहिल्या, त्यांना गॅसची किंमत मी काय सांगणार? पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आजही बायका सरपणासाठी किती चालतात, हे आपण बघतोच. गॅस आला की वेळ वाचतो, डोळे वाचतात. कोळशापेक्षा त्याचा धूरही कमी. खत लागतं, वीज लागते.

म्हणून "प्रकल्प हवा की नको" एवढ्या एका प्रश्नावर वाद घालून भागत नाही. खरे प्रश्न असे आहेत. फायदा कुणाला, तोटा कुणाला? तोटा मोजला कुणी? मोजताना बायकांना विचारलं का? आणि ज्यांचा तोटा झाला त्यांना वेळेवर, पुरेसं आणि त्यांच्या स्वतःच्या हातात मिळालं का?

आपल्या जिल्ह्याचा संबंध

नाशिक शहरात काही भागांत पाइपने गॅस येतो. मुंबईहून नागपूरकडे जाणारी गेलची वायूवाहिनी मोठ्या अंतरापर्यंत समृद्धी महामार्गाच्या कडेने टाकली आहे, आणि हा महामार्ग आपल्या इगतपुरी-सिन्नरमधून जातो. अशी कामं पुढेही होत राहतील. म्हणून थोडा कायदा समजून घेऊ.

पाइपलाइनसाठी १९६२ चा केंद्राचा वेगळा कायदा आहे. यात जमीन विकत घेत नाहीत. मालकी आपलीच राहते. फक्त जमिनीखालून पाइप टाकण्याचा 'वापराचा हक्क' घेतात. पाइप टाकून झाल्यावर आपण त्या पट्ट्यात पीक घेऊ शकतो. पण तिथे घर बांधता येत नाही, विहीर किंवा शेततळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. कांदा चालेल, आंब्याचं कलम नाही.

भरपाई दोन प्रकारची. पिकाचं, झाडांचं जे नुकसान झालं ते. आणि वापराच्या हक्कापोटी त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के. उदाहरण घ्या. पट्ट्याची किंमत २ लाख धरली तर हक्काचे २० हजार, पिकाचं वेगळं. अधिसूचना निघाल्यावर २१ दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. हे २१ दिवस फार पटकन जातात, बरं का.

प्रकल्पासाठी जमीनच घेतली तर २०१३ चा भूसंपादन कायदा येतो. त्यातल्या दोन तरतुदी प्रत्येक गटाला पाठ असाव्यात. पहिली, जमिनीचा मालक नसला तरी ज्या कुटुंबाची उपजीविका आधीची तीन वर्षं प्रामुख्याने जंगलावर किंवा पाण्यावर होती आणि जमीन घेतल्यामुळे ती गेली, ते कुटुंब 'बाधित' धरतात. यात मच्छीमार, नावाडी आणि वनोपज गोळा करणारे स्पष्ट लिहिले आहेत. म्हणजे मोहफुलं-हिरडा वेचणारी आणि गंगापूर, दारणा, गिरणा धरणांच्या पाण्यात मासे धरणारी कुटुंबंही यात येऊ शकतात. दुसरी, विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई हे स्वतंत्र कुटुंब मानलं जातं. सासर-माहेरच्या यादीत तिला कोंबायचं नाही.

पण "तीन वर्षं माझी उपजीविका यावर होती" हे दाखवणार कसं? पुन्हा तिथेच आलो. नोंद.

आणि समुद्राचा पेच इथेच आहे. फक्त पाणी वापरात घेतलं, जमीन घेतलीच नाही, तर हा कायदा लागायला अडचण येते. म्हणून उरणच्या लोकांना हरित न्यायाधिकरणात जावं लागलं.

येत्या बैठकीत काय करता येईल?

१. आपलं काम लिहा. गटाच्या नोंदवहीत फक्त बचत आणि कर्ज नको. प्रत्येकीचं काम, कुठे, कोणत्या महिन्यात, साधारण किती कमाई, हे वर्षातून दोनदा लिहा. शेळ्या गायरानावर चरतात, सरपण जंगलातून येतं, मासे धरणातून येतात, हेही लिहा. तारीख टाका, सगळ्यांच्या सह्या घ्या. कर्ज कशासाठी घेतलं ते नीट लिहा. नुसतं "घरखर्च" नको. "सुकी मासळी विक्री", "मोहफुलं खरेदी" असं स्पष्ट हवं.

२. सातबारा बघा. आपलं नाव आहे का? नवऱ्याच्या संमतीने पत्नीचं नाव सहमालक म्हणून लावण्यासाठी राज्याची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे चौकशी करा. वारस नोंद राहिली असेल तर ती आधी करा.

३. नोटीस वाचा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेला कागद कुणी वाचत नाही. ग्रामसंघातल्या एकीने आठवड्यातून एकदा फळा बघायचा आणि मोबाइलवर फोटो काढायचा.

४. जनसुनावणीला जा. वायूचं टर्मिनल किंवा कारखान्यासारख्या मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देताना जनसुनावणी होते. निदान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत मागा. बोलायची भीती वाटली तर लेखी द्या आणि पोच घ्या. २०२० पासून तेल-वायूच्या नुसत्या शोधमोहिमेला अशी सुनावणी लागत नाही. त्यामुळे जिथे ती होते तिथे ती सोडायची नाही.

५. ग्रामसभेत प्रश्न विचारा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण भागातल्या बहिणींनी हे खास लक्षात ठेवावं. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी पेसा कायद्याप्रमाणे सल्लामसलत करावी लागते. ठराव इतिवृत्तात नीट लिहिला का, ते सही करण्याआधी वाचून घ्या.

६. पैसा येणार असेल तर खातं आधी ठरवा. भरपाई संयुक्त खात्यात यावी, असं घरात आधी बोला. आलेला पैसा गाडीत आणि लग्नात गेला की रोजीही गेली आणि पैसाही गेला. थोडा भाग मुदत ठेवीत, थोडा नव्या धंद्यात, असा हिशेब मांडायला तुमची सीआरपी मदत करेल.

७. पाइपलाइनच्या पट्ट्यावर खोदू नका. कडेला खुणेचे खांब असतात, त्यावर फोन नंबर असतो. तो मोबाइलमध्ये ठेवा. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या प्रकल्पात आग लागून चार जण गेले. ते तर आग विझवणारे आणि प्रकल्पात काम करणारे लोक होते. आपल्याकडे ना तेवढी माहिती, ना साधनं. वास आला तर लांब व्हा आणि फोन करा.

यातलं पहिलं काम तर आजच्याच बैठकीत होईल. वहीचं एक पान घ्या, वर आडवी रेघ मारा आणि रकाने आखा: नाव, काम, जागा, महिने, कमाई. ज्या जणी म्हणतील "मी काही करत नाही, घरीच असते", त्यांच्यापासून सुरुवात करा. सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते विचारा आणि एकेक लिहीत जा. पान पुरणार नाही, दुसरं लागेल.

भरलेल्या पानाची एक झेरॉक्स ग्रामसंघाच्या फायलीत ठेवा आणि एक प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. कायद्याबद्दल काही अडलं तर तेही लिहून आणा, तिथे बसून सोडवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक